दुर्बिणीला दिलेली वेळ

सन एकोणीसशे नव्याण्णव. मला एकाहत्तरावं चालू होतं. शाळा तिसरीपर्यंत झाली, पुढचं जे काही शिकलो ते कॅनॉलवर. नीरेच्या डाव्या कालव्यावर एकतीस वर्षं पाटकरी होतो. पहिली बारा वर्षं इंदापूरच्या टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, बाकीची आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या बाजूला. पाटकरी म्हणजे शेतकऱ्यांना पाळीचं पाणी घड्याळावर वाटून देणारा माणूस. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगून ठेवतो.

डिसेंबरात जावयाचं पत्र आलं. जावई अशोकराव इंदापूर तालुक्यात हायस्कुलात विज्ञान शिकवतात. पुण्याच्या मित्राकडून कॉम्प्युटरवाली दुर्बीण दोन-तीन दिवसांसाठी आणतोय, तारा सांगितला की यंत्र आपोआप तिकडं वळतं, शनीची कडीसुद्धा दिसते, आबांनी यावंच, असं लिहिलं होतं.

बायको म्हणाली, "लोक शनी टळावा म्हणून तेल वाहत्यात आन् तुमी एसटीनं भेटायला चाललाय व्हय?"

म्हटलं, "आपण छप्पन साली दीक्षा घेतली तवाच समद्या ग्रहांना रजा दिली. आता नुसतं बघायला काय हरकत हाय?"

तिनं लेकीसाठी गुळाची ढेप फडक्यात बांधून दिली. मी निघालो.

बारामती

पूर्वी मी कोऱ्हाळ्याहून बारामतीला सायकलवर यायचो. आता रस्त्याच्या मधोमध दिवे लागलेत आणि स्टँडवर कुठली गाडी कुठं लागते ते मला कळेना. चौकशीच्या खिडकीत एक पोरगेलासा माणूस बसला होता. इंदापूर गाडीची वेळ टळून गेली तरी गाडी दिसेना, म्हणून त्याला विचारलं.

"टायमात हाय गाडी, आजोबा. अजून आठ मिन्टं हायेत."

"माझ्या घड्याळात दोन मिनिटं वर झालीत."

"मग तुमचं घड्याळ पळतंय."

"पोरा, ह्या घड्याळावर कॅनॉल चालला हाय."

"मग कॅनॉलनंच जा की इंदापूरला!" खिडकीपाशी उभी असलेली माणसं हसली. मी बाकड्यावर जाऊन बसलो. भेळ घेतली, ती बरी होती, चिंच जास्त. गाडी त्याच्या घड्याळाप्रमाणं आली. मी चढलो, पण त्याच्याकडं बघितलं नाही.

पिंपळी गेलं, मग दोन्ही बाजूंनी ऊस लागला. शेजारी एक बाई बसली होती. थोड्या वेळानं ती एकदम उठून पातळ झाडायला लागली. माझ्या पिशवीतल्या गुळाला मुंग्या लागल्या होत्या आणि त्या रांगेनं तिच्या अंगावर चढल्या होत्या. "कुठनं आणली ही पलटण?" म्हणाली. कोऱ्हाळ्याची म्हटलं. "तरीच. खाऊन-पिऊन दांडग्या हायेत." ढेप खिडकीबाहेर धरून झाडली, तरी बाई इंदापूरपर्यंत उभीच राहिली.

टेल

लेकीचं गाव लोणी देवकरच्या अलीकडं आत आहे. संध्याकाळी उत्तरेला कारखान्यांचे दिवे दिसतात. मी नोकरीला होतो तेव्हा तिकडं नुसता माळ होता, आणि रात्री दिवा दिसला तर तो माझाच कंदील असायचा.

हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडचा, माणूस आणि टेलचा माणूस यांतला फरक घरात शिरल्याबरोबर कळतो. आमच्याकडं कोऱ्हाळ्यात नळ उघडा राहिला तर कोणी उठत नाही. लेकीच्या घरात नळ येऊन सहा वर्षं झाली, तरी मोरीत चार हंडे, दोन घागरी आणि एक जुना डेरा गळ्यापर्यंत भरलेला. मी म्हटलं, "सुमन, नळ हाय की आता." तर म्हणाली, "आबा, नळाचा काय भरोसा? टेल हाय हे." तिचा जन्म हेडचा, पण लग्न होऊन आली आणि टेलची झाली.

जेवायला मरळीचं कालवण होतं. उजनी धरणाच्या फुगवट्यातला मासा सायकलवर दारात येतो. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी मिळतो तो असा नसतो, हे कबूल करावं लागेल. बाजरीची भाकरी मात्र आमच्याकडची पातळ. इथं ती जाड थापतात आणि वर बोट दाबून बघतात.

जेवताना सुमन म्हणाली, "तात्याबी येणार हायेत उद्या दुर्बीण बघायला."

"कोण तात्या?"

"निवृत्तीतात्या. तुमच्या टेलच्या नोकरीतलंच."

या तात्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

टेलला असताना मी घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवत असे. घड्याळ माझं, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेलं. शेतकरी दारावर, म्हणजे चारीतून रानात पाणी सोडतात त्या जागी, वेळेवर येत नसत. सहाची पाळी म्हटलं की सव्वासहाला खोरं घेऊन निघायचे, तोवर पाणी चारीतनं रानोमाळ. घड्याळ पुढं ठेवलं की सगळे थोडे आधी यायला लागले. सगळ्यांची पाळी त्याच घड्याळावर सुरू आणि त्याच घड्याळावर बंद, त्यामुळं कुणाचं पाणी कमी झालं नाही. मी कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. विचारलं तर सांगायचो की माझं घड्याळ रेडिओच्या ठोक्याला आहे. त्या काळात आमच्या हातचं पाणी न पिणारी घरं होती. पण पिकाचं पाणी माझ्या हातातल्या घड्याळावर घेत होती. त्या घड्याळाबद्दल कोणी शंका घेतलेली मला खपत नव्हती.

निवृत्तीतात्यानं ती घेतली. त्यानं नवा रेडिओ आणला होता आणि तो रेडिओवर वेळ बघून दारावर यायचा. यायचा तेव्हा पाणी दहा मिनिटं आधीच सुटलेलं, आणि त्याच्या हिशोबानं दहा मिनिटं आधीच बंद व्हायचं. "पाटकऱ्याचं घड्याळ पळतंय, माझी दहा मिन्टं खातोय," असा त्यानं अर्ज केला. साहेब चौकशीला येणार हे मला आदल्या दिवशी कळलं. सकाळी उठून मी घड्याळ रेडिओला लावलं. साहेबांनी चारीवर माणसं गोळा केली, आपलं घड्याळ माझ्या घड्याळाशेजारी धरलं. मिनिटाला मिनिट. चारचौघांत तात्याला म्हणाले, "खोटे अर्ज करता? पुढच्या वेळी पाळी बंद करीन." तात्याची मान खाली गेली. संध्याकाळी मी काटा पुन्हा दहा मिनिटं पुढं सारला. तो तिथंच राहिला, पेन्शनीत आल्यावरसुद्धा.

शनिवार, शाळेचं पटांगण

दुर्बीण जीपमधून आली. मला वाटलं होतं लांबलचक नळी असेल. ती आखूड, जाड, दुधाच्या कॅनएवढी. खाली तीन पायांची घोडी आणि वायरला लोंबणारा बटणांचा डबा. डब्याच्या काचेवर लाल इंग्रजी अक्षरं पळत होती. वर चिकटवलेली बारकी दुर्बीण रस्त्यातल्या खड्ड्यांनी वाकडी झाली होती. ती नेम धरायला असते म्हणाले.

अशोकरावांनी घोडीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधे आणला. ते मला आवडलं. कॅनॉलच्या कामावर पाणसळीशिवाय दगड बसत नाही. मग नळीचं तोंड ध्रुवाकडं केलं आणि डब्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. तारीख कोणती, गाव कोणतं, वेळ किती.

"वेळ अगदी बरोबर लागते," अशोकराव मोठ्यानं म्हणाले. "आकाश सारखं फिरतंय. किती वाजले ते कळलं तर कुठला तारा कुठं आहे ते यंत्र काढणार. किती वाजले हो?"

शंभरेक माणसं जमली होती. पाच जणांनी मनगटं वर केली आणि पाच वेळा सांगितल्या. कोणीतरी म्हणालं, रेडिओ आणा, बातम्यांआधी ठोके पडतील.

"रेडिओ कशाला?" मी म्हटलं. "हितं कॅनॉलचं घड्याळ हाय."

दहा मिनिटं वजा करून सांगावं असं मनात आलं. आलं नाही असं नाही. पण समोर पोत्यावर निवृत्तीतात्या बसला होता. दाढी पांढरी झालेली, नजर तीच. त्याच्यादेखत घड्याळ बघून वेगळा आकडा कसा सांगणार? आणि दुसरं मनात असं आलं की, माणसांना जे चाललं ते यंत्राला का चालू नये? जरा आधी जाऊन उभं राहील.

"सात वाजून बारा," मी म्हटलं.

जावयानं सासऱ्याचं घड्याळ पडताळून बघायचं नसतं. त्यांनी बटणं दाबली.

यंत्र घरघरलं आणि आपोआप वळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं दोन तारे दाखवायचे आणि आपण "बरोबर" म्हणून बटण दाबायचं, अशी रीत होती. अशोकरावांनी डोळा लावला, आत काही बारके ठिपके होते, त्यांनी दोन्हीदा बरोबर म्हणून टाकलं. मग गुरू मागितला. गुरू डोक्यावर ढळढळीत दिसत होता. यंत्र वळलं, थांबलं, डब्यावर गुरूचं नाव आलं. अशोकरावांनी बघितलं. पुन्हा बघितलं. आत काळोख.

बटणानं हलवायला गेले तर आतलं सगळं उलटं दिसतं. न्यायचं डावीकडं आणि जातं भलतीकडं. हातानं वळवायचं नाही, दाते तुटतील, असं मित्रानं बजावलेलं. शनी मागितला, तिथंही काळोख. पुन्हा गुरू मागितला, तरी तेच. रांगेतली माणसं डोळा लावून जायला लागली. "काय दिसलं?" "माझी पापणी." एक म्हातारी म्हणाली, "चांगलंच झालं की. शनी दिसू न्हाय म्हणून नवस करीत्यात लोक."

मी नळीच्या मागं उभा राहून, चारीची आखणी बघतो तसा एक डोळा मिटून नेम बघितला. नळी गुरूवर नव्हती, मावळतीच्या अंगाला एक-दीड बोट सरकलेली होती. तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंग. यंत्राची घरघर बंद झाली.

"आता लाइट आल्याशिवाय नाही," अशोकराव म्हणाले. माणसं शेंगा सोलत पांगली. मी हट्टानं खुर्ची ओढून डोळा लावून बसलो. एवढ्या लांबून आलो होतो.

बराच वेळ काही नाही. मान अवघडली. आणि मग काळोखाच्या कडेनं उजेड आला. पाण्याच्या आधी चारीत ओल येते तसा. त्यामागून एक वाटोळं, पिवळट, वाटाण्याएवढं बिंब आलं. त्याच्यावर दोन फिकट पट्टे. बाजूला एका रेषेत चार बारके ठिपके. कोणी ढकललं नाही, कोणी बटण दाबलं नाही. सावकाश चालत मधे आलं, आणि कडेला दिसल्यापासून तीन-चार मिनिटांत पलीकडच्या कडेनं निघूनही गेलं. मी घड्याळ बघितलं. लाइट जाऊन बारा मिनिटं झाली होती. येण्या-जाण्याचा वेळ धरला तर मधे आलं ते बरोबर दहाव्या मिनिटाला.

मला सगळं तिथंच कळलं. यंत्रात काही बिघाड नव्हता. मी सांगितलेल्या वेळेला गुरू जिथं असणार होता, तिथं ते जाऊन उभं राहिलं होतं. गुरू मात्र रेडिओच्या वेळेवर आला.

"दिसला," मी म्हटलं. "पट्टे हायेत. चार ठिपके हायेत."

माणसं धावत आली. आत काळोख. तात्या पोत्यावरून उठला नाही. "पाटकऱ्याला एकट्याला दिसला," म्हणाला. "साक्षीला कोण? त्याचं घड्याळ!" आणि लोक असे हसले की पटांगणाबाहेरची कुत्री भुंकायला लागली.

रविवार

दिवसा अशोकराव मला फुगवट्याच्या काठी घेऊन गेले. जुना रस्ता सरळ पाण्यात शिरतो आणि पलीकडं दिसतच नाही. लांब मानेचे गुलाबी पक्षी चिखलात माना घालून उभे होते. आमच्याकडं एवढं पाणी उभं राहिलं तर लगेच कोणीतरी मोटार टाकतो. इथंही टाकल्यात, पाइपा मोजल्या तर दिवस जाईल. मी पक्षी बघत होतो आणि अशोकराव काठावरचे खडे पाण्यात टाकत होते.

शेवटी म्हणाले, "आबा, मित्राचा फोन लागत नाही. उद्या यंत्र परत द्यायचंय. माझ्याच हातून आत काहीतरी मोडलं असणार. त्यानं विश्वासानं दिलं होतं."

"मोडलं न्हाय."

"मग दिसत का नाही?"

आता माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. गप्प बसलो तर यंत्र मोडल्याचा ठपका जावयाच्या माथी, आणि मी न दिसलेला ग्रह दिसला म्हणणारा. बोललो तर साहेबांपुढं केलेलं उघडं पडणार. घरी आलो, दुपारी पडलो, झोप आली नाही. सुमननं गुळाचा चहा दिला, तो पिताना तिनं विचारलं, "काल खरंच दिसला का, आबा?" लेकीनंही विचारलं.

संध्याकाळी पटांगणात तीस-चाळीसच माणसं. तात्या त्याच पोत्यावर. मला वाटतं तो माझी फजिती बघायला आला होता. अशोकरावांनी पाणसळ ठेवली, ध्रुव धरला. डब्यानं वेळ विचारली. ते माझ्याकडं वळले.

"आबा?"

"रेडिओ लावा," मी म्हटलं.

"तुमचं घड्याळ—"

"माझं घड्याळ दहा मिनिटं फुडं हाय."

ते मनगटाकडं बघत राहिले. "कधीपासून बिघडलंय?"

"बिघडलं न्हाय. मीच ठिवलंय. पहिल्यापास्नं."

पोत्यावरून आवाज आला, "पहिल्यापास्नं म्हंजे कवापास्नं?"

मी तात्याकडं तोंड केलं. "टेलला होतो तवापास्नं. साहेब आला त्यो एक दिवस सोडून."

कोणी हसलं नाही. जुनी माणसं होती त्यांना साहेब आठवला असणार. तात्यानं टोपी काढली, गुडघ्यावर झटकली, परत घातली. मला वाटलं शिव्या देईल. मी ऐकून घ्यायला उभा होतो. तो पोत्यावर मागं सरकून रेडिओची वाट बघत बसला.

रेडिओ आला. ठोके पडले. अशोकरावांनी वेळ लावली, दोन तारे दाखवले गेले, या वेळी ते बरोबर मधे आले. गुरू मागितला. यंत्र घरघरत वळलं आणि थांबलं. अशोकरावांनी डोळा लावला आणि "आला!" म्हणून ओरडले, वर्गात पोरं ओरडतात तसे. मला पुढं करायला लागले.

"आधी तात्याला," मी म्हटलं.

तात्या उठून आला. गुडघे धरत वाकला. बराच वेळ हलला नाही.

मी विचारलं, "पट्टे हायेत का दोन?"

"हायेत."

"आन् ठिपके?"

तो मोजत होता. "तीन. एक चौथा हाय कडंला, बारका." डोळा न काढता म्हणाला, "म्हंजे काल तुला दिसला हुता."

"व्हय."

मग शनी आला. कडी खरीच आहे. टोपीला कड असते तशी, आणि मधे फट. मी म्हाताऱ्या माणसांना दोनदा-दोनदा बघू दिलं, रांग मी लावली. तात्या शनीला आला नाही. "त्याला मी लांबनंच हात जोडतो," म्हणाला आणि घोंगडी खांद्यावर टाकून निघाला. फाटकापाशी थांबला.

"पाटकरी, उद्या माझ्या गव्हाला पाण्याचं दारं हाय. सहाला."

"कुणाच्या सहाला?"

"रेडिओच्या," म्हणाला आणि गेला.

सोमवारी सकाळी मी सहाच्या आधी त्याच्या रानात गेलो. गव्हाचे वाफे होते. पाणी चारीला यायचं होतं आणि तात्या बांधावर बसला होता. त्यानं खोरं माझ्या हातात दिलं. मी वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं. पाणी जन्मभर वाटलं होतं, धरलं कधी नव्हतं. पहिला वाफा भरला, दुसऱ्याला दारं मोडायला, म्हणजे त्याचं तोंड उघडायला, उशीर झाला, आणि बांध फुटून पाणी शेजारच्या हरभऱ्यात निघालं.

"साहेबाला बोलावू का?" तात्या बांधावरून म्हणाला.

मी फुटलेल्या जागी दोन ढेकळं दाबली, वर टाच दिली आणि पाणी तिसऱ्या वाफ्यात वळवलं.